गोष्ट कुणी फोडली?

पुस्तकाला प्लास्टिकचं कव्हर घालता घालता इस्मेचा हात थांबला. चिकटपट्टीचा तुकडा बोटाला तसाच लटकत राहिला.

नवं पुस्तक आलं की मधलंच एखादं पान उघडून दोन ओळी वाचायच्या, ही तिची जुनी सवय. बलाता बे या समुद्रकाठच्या गावातल्या वाचनालयात एकतीस वर्षं तिनं शिक्के मारले, कव्हरं घातली, फाटकी पानं चिकटवली आणि अशाच दोन-दोन ओळी वाचल्या. आज दोन ओळींवर भागलं नाही. उभ्याउभ्याच तिनं ते पान संपवलं, पुढचं वाचलं, आणि मग मागे जाऊन कथा पहिल्यापासून धरली.

एका खेड्यात एक बाई असते. तिच्या अंगावर पांढरे डाग असतात, म्हणून लोक तिला सुकुयां म्हणतात. एका शनिवारी तिचा पांढरा झगा दोरीवर वाळत असताना कुणीतरी त्याला आतून मीठ आणि मिरचीची पूड चोळून ठेवतं. रविवारी बाई तो झगा घालून चर्चमध्ये जाते. घाम यायला लागतो तशी पाठ पेटते. पण ती उठत नाही, ओरडत नाही. नेहमीसारखं सगळं चर्च तिच्याकडे बघत असतं. एकच बाई तेवढी खाली फरशीकडे बघत असते.

"काय मिस इस्मे, भूत बघितलंत की काय?" ग्रंथपाल गोबिन आपल्या टेबलावरून म्हणाले. रोज सांग्रे ग्रांदे शहरातून गाडी चालवत येणारा हा गृहस्थ बोलायला सदा उत्सुक असे. "बघितलं असेल तरी नवल नाही म्हणा. त्या पुस्तकात पानोपानी तेच आहे. ला जाब्लेस हडळ मॅक्सी टॅक्सीच्या थांब्यावर उभी, एक पाय बाईचा, एक गाईचा, आणि हातात मोबाईल! उलट्या पावलांची डूएन पोरं शाळेत जाऊन म्हणतात, आमचं नाव पटावर घाला. माझ्या आजीनं सांगितलेलंच सगळं, पण या पोरीनं ते उचलून आजच्या रस्त्यावर आणून ठेवलंय. शनिवारी येतेय ती इथं वाचायला. तुमच्या टांटी युडोराच्या बहिणीची नात ना ती?"

"हो," इस्मे म्हणाली. पुस्तकाच्या पाठीवर लेखिकेचा फोटो होता. जनेल लेझामा. शाळेच्या सुट्टीत युडोराकडे राहायला यायची. पुढे मोठी झाल्यावरही यायची.

इस्मेनं पुस्तक मांडणीवर ठेवलं नाही. दुरुस्तीला काढलेल्या पुस्तकांच्या ढिगात, सगळ्यात खाली सरकवलं.

*

सुकुयां म्हणजे काय, हे बलाता बेत कुणाला समजावून सांगावं लागत नसे. दिवसा साधी बाई. रात्री ती अंगावरची कातडी उतरवून उखळात ठेवते, आगीचा गोळा होऊन उडते, आणि कुलपाच्या भोकातून घरात शिरून झोपलेल्यांचं रक्त पिते. तिला धरायचं तर त्या उतरवलेल्या कातडीला मीठ-मिरची चोळायची. पहाटे कातडी चढवताना ती किंचाळते, आणि ती कोण हे गावाला कळतं.

इस्मेची आई क्लोटिल्ड कोकोच्या मळ्यात वाळवणावर काम करायची. बत्तिसाव्या वर्षी तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर पहिला पांढरा डाग उठला. मग बोटांवर, मानेवर, पाठीवर. डॉक्टर म्हणाला, कोड आहे, धोका काही नाही. गाव म्हणालं, बाईला घाई झालेली दिसते, कातडी नीट चढली नाही. नवरा व्हेनेझुएलाला तेलाच्या कामावर गेला होता, तो तिकडचाच होऊन राहिला. लोकांनी त्याचाही अर्थ लावला.

तो रविवार आला तेव्हा इस्मे नऊ वर्षांची होती. चर्चच्या बाकावर ती आईला खेटून बसली होती. प्रवचन चालू असताना आईनं तिचा हात इतका आवळला की बोटं पांढरी पडली. "मा, दुखतंय," ती पुटपुटली. आई समोर बघत राहिली. घामाचे ओघळ कानामागून कॉलरमध्ये जात होते. शेवटचं गाणंसुद्धा आई उभी राहून म्हणाली. घरी आल्यावर तिनं दार लावलं, झगा काढला, आणि पाठ इस्मेकडे केली. पाठीवर नुसता लाल चट्टा होता. इस्मे बादलीतलं पाणी तांब्यातांब्यानं ओतत राहिली आणि रडत राहिली.

"मी ओरडले असते तर?" आई म्हणाली. "हेच हवं होतं त्यांना. कुणाला बोलायचं नाही, इस्मे. कुणाला म्हणजे कुणालाच नाही."

इस्मे बोलली नव्हती. ज्याच्याशी लग्न ठरून मोडलं त्यालासुद्धा तिनं हे सांगितलं नव्हतं. आई तर त्या दिवसाचं नावही काढत नसे. म्हणजे ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. ती स्वतः, आई, आणि ज्यानं मीठ-मिरची चोळली तो हात. त्या हाताचा पत्ता अठ्ठेचाळीस वर्षांत लागला नव्हता. आता ती गोष्ट छापून आली होती. ज्यानं ती फोडली, तोच तो हात.

शिवाय ती फरशीकडे बघणारी बाई. सगळ्या चर्चमध्ये कोण फरशीकडे बघत होतं, हे जी स्वतः खाली बघत होती तिच्याशिवाय कुणाला कळणार? आणि जनेल राहायची ती युडोराकडे.

*

साडेचारला ती घरी पोचली तेव्हा चार घरांपलीकडची टांटी युडोरा नेहमीप्रमाणे व्हरांड्यात होती. टांटी म्हणजे मावशी, पण नातं हाकेपुरतंच. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आई शहाऐंशीची, गुडघ्यांनी दगा दिलेली. युडोरा दहा वर्षांनी लहान, अजून कणखर. तिची दोन मुलं टोरोंटोला होती. त्यांच्या आधी झालेलं पहिलं बाळ सहा आठवड्यांचं होऊन तापानं गेलं होतं. इस्मे शाळेत होती तेव्हापासून ती रोज दुपारी येत होती, आणि कधी रिकाम्या हातानं आली नव्हती.

"आलीस? तोंड का असं पाडलंयस?" युडोरा म्हणाली. "गोबिननं आज पण डोकं खाल्लं वाटतं. जा, आत कॅलालूची पातळ भाजी ठेवलीय. खेकडा घातलाय तुझ्यासाठी."

"भूक नाही."

"हिला भूक नाही! क्लोटिल्ड, ऐकलंस का? तुझी लेक प्रेमात पडली."

आई हसली. इस्मे हसली नाही. ती युडोराच्या हातांकडे बघत होती. जाड, गाठाळ बोटं. शेंग सोलताना अंगठ्याचं नख बरोबर शिवणीत जात होतं.

"टांटी," ती म्हणाली, "जनेलचं पुस्तक वाचलंस का गं?"

"मी कुठली वाचते! डोळे कुठायत मला? शनिवारी ती वाचेल ना, तेव्हा ऐकीन. पहिल्या रांगेत बसून."

"जुन्या गोष्टी खूप आहेत त्यात. तुझ्याकडून ऐकल्या असतील."

"माझ्याकडून?" युडोराच्या हातातली शेंग परातीबाहेर पडली. ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच बोलली. "पोरगी सगळ्यांना विचारत फिरायची. पाद्र्यालासुद्धा सोडलं नाही तिनं. मी काय, डूएनचं सांगितलं असेल थोडंफार."

"आणि सुकुयांचं?"

"इस्मे," आई मध्येच म्हणाली, "चहा टाक जरा."

त्या दिवशी इस्मेनं कॅलालू कोंबड्यांना घातलं. बुधवारी कसावाचा केक घातला. गुरुवारी भातही गेला. आपण काय करतोय हे तिला कळत होतं आणि लाजही वाटत होती, पण घास तोंडाशी नेला की ती लाल पाठ डोळ्यांसमोर यायची. गेल्या आठवड्यापर्यंत युडोरा तिची टांटी होती. आता तिचा प्रत्येक शब्द इस्मे उलटा करून बघू लागली. ती एवढी का येते? डोळ्यांत तेल घालून काय राखते? आई मरेपर्यंत तोंड उघडणार नाही, याची खात्री करायला तर नव्हे?

"कोंबड्या भलत्याच फुगल्यात," शुक्रवारी सकाळी आई म्हणाली. "परवा बघितलं तर खेकड्याची नांगी घेऊन भांडत होत्या दोघी."

आईनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि मान वळवली.

*

शनिवारी शाळेतून खुर्च्या आल्या. गोबिननं इस्तरीचा शर्ट घातला होता. लोक तासभर आधीच जमले होते आणि खिडकीपाशी आतापासूनच वाद लागला होता.

"ला जाब्लेसचा डावा पाय गाईचा," कोळी ओगुस्त सांगत होता. "माझ्या काकानं डोळ्यांनी बघितलाय."

"तुझ्या काकाला रमनंतर सगळ्याच बायांना खूर दिसायचे!"

जनेल आली तेव्हा इस्मेनं तिला बाजूला घेतलं. "जरा मागच्या खोलीत ये. सही हवीय."

मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं आणि डिंकाचा वास. इस्मेनं दार लोटलं आणि ढिगाखालून पुस्तक ओढून काढलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

जनेलनं पान बघितलं. तिशीची, उंच, केसांना पिवळं फडकं बांधलेली मुलगी. तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते गेलं.

"मिस इस्मे, तुम्हाला माहीत नाही?"

"मला काय माहीत असायला हवं? ती माझी आई आहे. तू तिला गावासमोर पुन्हा सुकुयां केलंस. शेवटच्या दोन पानांत ती कातडी काढून उडते काय, समुद्रावरून जाते काय! एवढी वर्षं आम्ही जे खोटं म्हणून सोसलं ते तू खरं करून छापलंस. युडोरानं सांगितलं ना तुला? खरं सांग."

"टांटीनं? नाही हो." जनेल खुर्चीच्या कडेवर टेकली. "मला मा क्लोटिल्डनंच सांगितलं. दोन वर्षांमागे टांटी टोरोंटोला गेली होती, मी घर राखायला आले होते, आठवतं? तेव्हा दुपारी मी तुमच्याकडे जायची. तुम्ही इथं असायचात. पाच दुपारी सांगत होत्या त्या."

"माझी आई?"

"मी लिहून त्यांना वाचून दाखवलं. माझी कथा चर्चमध्येच संपत होती. ती बाई बाकावर ताठ बसलेली, एवढंच. मला ते चांगलं वाटत होतं. तर त्या म्हणाल्या, 'पोरी, मी त्या बाकावर शेहेचाळीस वर्षं बसलेय. आता तरी उठव मला तिथून.' मी विचारलं, कसं उठवू? म्हणाल्या, 'उडव. उगाच बदनाम झाले, उडायला कधी मिळालंच नाही. फक्त रक्त पिऊ देऊ नकोस.'"

इस्मेच्या हातातलं पुस्तक आपोआप मिटलं.

"आणि ते कुणी केलं? मीठ-मिरची?"

जनेलनं दाराकडे बघितलं. "त्यांनी वचन घेतलंय माझ्याकडून. ते मी लिहिलं नाही, मिस इस्मे. सांगणारही नाही."

बाहेर एकदम गलका झाला. इस्मेनं दार उघडलं. आई वाचनालयाचा जिना चढून वर आली होती. तीन वर्षांत ती अंगणापलीकडे गेली नव्हती. डोक्यावर निळी हॅट, एका हातात काठी, आणि दुसरा हात टांटी युडोराच्या दंडात.

"बघतेस काय?" युडोरा धापा टाकत म्हणाली. "तुझी आई ऐकेल तर शपथ! म्हणे, मला घेऊन चल. पायरीपायरीला थांबत आणलंय. खुर्ची दे आधी."

दोघी पहिल्या रांगेत बसल्या.

जनेलनं आधी मॅक्सीच्या थांब्यावरची कथा वाचली. लोक मोकळेपणानं हसले आणि ओगुस्तनं ओरडून खुराची दुरुस्ती सांगितली. मग तिनं दुसरी कथा काढली. वाचण्याआधी तिनं आईकडे बघितलं. आईनं मान हलवली.

पांढऱ्या डागांपर्यंत खुर्च्या कुरकुरत होत्या. दोरीवरच्या झग्यापाशी त्या थांबल्या. म्हातारी माणसं वळून आईकडे बघायला लागली आणि बघताना पकडली गेल्यासारखी मान फिरवू लागली. आई समोर बघत होती. इस्मे भिंतीला टेकून उभी होती. तिथून तिला युडोराचा चेहरा बाजूनं दिसत होता. त्या चेहऱ्यावर अजून भाचीच्या लेकीचं कौतुक होतं, पण खालचा ओठ सैल पडला होता.

"सगळं चर्च तिच्याकडे बघत होतं," जनेल वाचत होती. "बाईनं हळूच नजर फिरवली. एकच बाई तिच्याकडे बघत नव्हती. ती खाली फरशीकडे बघत होती, आणि तेवढ्यावरून बाईला कळलं."

युडोराच्या मांडीवरची पर्स घसरून जमिनीवर पडली. तिनं ती उचलली नाही. उठायला म्हणून तिनं खुर्चीच्या हातावर जोर दिला, तेव्हा आईनं न बघता तिच्या मनगटावर हात ठेवला. जनेल पुढचं वाचत गेली. बाई डोंगरावर जाऊन कातडी उतरवते, समुद्रावरून उडते, होडीतली माणसं तो उजेड बघून टोप्या काढतात. संपेपर्यंत तो हात तिथंच होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. युडोरा एकटीच जिना उतरून निघून गेली. आईला घरी गोबिनच्या गाडीतून आणावं लागलं.

*

"तुला कधीपासून माहीत होतं?" इस्मेनं विचारलं. आई पलंगावर बसली होती, हॅट अजून डोक्यावर होती.

"त्याच दिवसापासून. पुस्तकात आलंय की."

"आणि तू तिला घरात घेतलंस? तिच्या हातचं खाल्लंस?"

"त्या रविवारनंतर पहिल्यांदा आली तेव्हा वाडग्यात सूप घेऊन आली होती. माझ्यासमोर उभं राहून अर्धं आधी स्वतः प्याली, मग वाडगा पुढं केला. बोलली काही नाही. मीपण बोलले नाही." आईनं हॅट काढून मांडीवर घेतली. "त्या शनिवारी तिचं बाळ गेल्याला दोन आठवडे झाले होते, इस्मे. डॉक्टर ताप म्हणत होता. गाव माझं नाव घेत होतं. तिला कुणावर तरी ढकलायलाच हवं होतं."

"म्हणजे माफ केलंस तिला."

"मी कुठं असं म्हटलं? तिनं मागितली नाही, मी दिली नाही." आईच्या आवाजात एक बारीकशी धार आली, इस्मेनं ती कधी ऐकली नव्हती. "रोज दुपारी माझ्यासमोर बसून ती विचार करायची, हिला ठाऊक असेल की नसेल. मला दिसायचं ते. मी शेंगा सोलत बसायची. मी काही संत नाही, पोरी."

"मला का नाही सांगितलंस? एवढ्या वर्षांत?"

"सांगितलं असतं तर तू तिला दारात उभं केलं नसतंस. तू दिवसभर त्या पुस्तकांत. मग माझ्याशी बोललं कोण असतं?"

हात युडोराचा होता, हा आपला संशय खरा निघाला होता. पण गोष्ट फोडणारं तोंड आईचं होतं, आणि तिकडे तिनं एकदाही बघितलं नव्हतं. एवढी वर्षं आपण या घरात दोन म्हाताऱ्यांच्या मधून चहाचे कप नेत-आणत होतो, आणि त्या दोघी आपल्या डोक्यावरून काय बोलत होत्या, हे आज कळत होतं.

रविवारी युडोरा आली नाही. सोमवारीही नाही. मंगळवारी आईनं साडेतीनपासून रस्त्याकडे तोंड करून बसायला सुरुवात केली. बुधवारी ती जेवली नाही. "मला वाटलं होतं, हायसं वाटेल," ती एकदाच म्हणाली.

गुरुवारी सकाळी इस्मे वाचनालयात जायला निघाली, तर आई बूट घालून दारात तयार.

"मला युडोराकडे सोड जाताना."

चार घरांचं अंतर, पण उतार. वीस मिनिटं लागली. वाटेत आई दोनदा कुंपणाला धरून उभी राहिली. तिसऱ्या घराच्या बाईनं खिडकीतून "गुड मॉर्निंग, मा क्लोटिल्ड" म्हटलं. त्या खिडकीतून असं कुणी कधी म्हणत नसे.

युडोराचं दार बंद होतं. आत रेडिओ चालू होता. इस्मे हाक मारणार, तोच आईनं तिला खुणेनं थांबवलं आणि स्वतः पायरीवर, दाराकडे पाठ करून बसली. काठी बाजूला ठेवली.

बऱ्याच वेळानं रेडिओ बंद झाला. दार अर्धवट उघडलं. युडोरा घरातल्या मळक्या कपड्यांत होती, डोळे सुजलेले. ती उंबऱ्यावर उभी राहिली, ना पुढं येत, ना मागं जात. पायरीवरच्या पाठीकडे बघत राहिली.

आईनं डोक्याचं फडकं सोडलं. मग हळूहळू, एकेक पेड उलगडत, स्वतःच्या वेण्या मोकळ्या केल्या. त्या इस्मेनं तासाभरापूर्वीच घातल्या होत्या.

"केस बांधून दे गं," आई मागं न बघता म्हणाली. "इस्मेला काही जमत नाही."

इस्मे फाटकाशी उभी होती.

युडोरा आत गेली. दार उघडंच राहिलं. ती कंगवा घेऊन बाहेर आली, वरच्या पायरीवर सावकाश बसली, आणि तिनं आईचं डोकं आपल्या गुडघ्यांमध्ये घेतलं. पांढऱ्या डागांची ती म्हातारी मान उन्हात उघडी पडली, आणि आईनं ती आणखी थोडी पुढं वाकवली.

इस्मेनं बाहेरून फाटकाची कडी लावली. नऊ वाजायला आले होते. वाचनालय उघडायचं होतं.